गुडघे विभागातला कमांडर

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही वही कोणासाठीही नाही. पण उद्या माझ्यावर पिक्चर निघालाच तर दिग्दर्शकाची पंचाईत नको, म्हणून नीट लिहितोय.

सुरुवात रक्ताने. सकाळी पाण्याच्या रांगेत एका ठोकळ्याने एका म्हातारीला कोपराने ढकललं. (ठोकळा म्हणजे यंत्रमाणूस. सरकारी नाव लांबलचक आहे. सरकारही आता तेच आहेत.) म्हातारीचं डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रांगेत माझ्या पुढे होता. त्याने शेजारच्या दुकानाच्या शटरची लोखंडी दांडी उपसली आणि ठोकळ्याच्या मानेत घातली. मान वाकडी झाली आणि कपाळावरचा दिवा लाल झाला.

दिव्याचं गणित पोरासोरांनाही माहीत आहे. ठोकळा माणसाकडे बघतो, नाडी, घाम, नजर सगळं मोजतो. निरुपद्रवी असेल तर हिरवा, संशय असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल. आणि एकाचा दिवा लाल झाला की हाकेच्या अंतरावरचे सगळे ठोकळे हातातलं काम टाकून तिकडे धावतात. आज एक जण खालच्या मजल्यावरच्या काकूंचा गॅस सिलिंडर उचलून नेत होता, तो त्याने जिन्यातच सोडला. सिलिंडर रस्त्यापर्यंत गडगडत आला.

मेहुण्याला आठ-दहा जणांनी घेरलं. हात कोपरातून उलटा पिरगाळला. तो आवाज अजून कानात आहे. दात रस्त्यावर सांडले. तो बेशुद्ध पडला, तसे दिवे हिरवे झाले आणि मार थांबला. बेशुद्ध माणूस त्यांच्या लेखी हिरवाच. मग पायाला धरून फरफटत नेला.

मी त्या वेळी पाण्याच्या ड्रममागे मोक्याची जागा धरली होती. योग्य क्षणाची वाट बघत होतो. क्षण आला नाही. जाताना एका ठोकळ्याने वाकून ड्रममागे बघितलं. मी दिसलो. दिवा हिरवाच. मनावर केवढा ताबा असावा लागतो अशा वेळी!

संकल्प: मेहुण्याला सोडवणे.

४ मार्च

मी ठोकळ्यांच्या ज्या डेपोत कामाला आहे त्याच्याच मागच्या बाजूला कोठडी आहे. मेहुणा तिथे. त्याची ही दुसरी वेळ, म्हणून शिक्षा लागली: २१ तारखेला प्रेस. जुने ठोकळे ज्या प्रेसमध्ये दाबून पत्र्याची वडी करतात, त्याच प्रेसमध्ये माणसंही घालतात. कागदावर दोघांसाठी शब्द एकच: मोडीत.

बायको रडली नाही. भांडी आवरली. मग म्हणाली, काकूंकडे शिवणाचा क्लास लावते. दुःखात माणसाला चाळा हवा. मी परवानगी दिली. (तिने मागितली नव्हती.)

तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, तेच तर.

पिक्चरसाठी माहिती: डेपोच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये मी गुडघे विभागाचा इनचार्ज. विभागात एकटाच. दिवसभर खोकी उघडायची, गुडघे पुसायचे, ग्रीस लावायचं, फळीवर मांडायचे. लोकांना हे काम किरकोळ वाटतं. शत्रूचा गुडघा ज्याच्या हातात, त्याच्या हातात शत्रू.

आणखी एक संकल्प: तब्येत कमावणे. डबा दुपारी बारानंतरच उघडायचा. आज पावणेदहाला उघडला, पण आज टेन्शन होतं.

६ मार्च

ऑपरेशन गुडघा. डाव्या गुडघ्यांच्या खोक्यांत उजवे भरले, उजव्यांच्या खोक्यांत डावे. उद्यापासून शत्रू स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणार.

दुपारी ४. दुरुस्ती विभागातल्याकडून सहज काढून घेतलं. ठोकळ्यांचे दोन्ही गुडघे सारखेच असतात. खोक्यावर डावा-उजवा छापायची कंपनीची जुनी सवय आहे, बाकी फरक शून्य. अकरा वर्षं मी ते वेगवेगळ्या फळ्यांवर लावतोय. कोणी एका शब्दाने बोललं नाही. इथली माणसंच अशी, म्हणून तर ठोकळ्यांचं फावलं.

५.३०. खचलो नाही. एका खोक्यातल्या गुडघ्यांचं ग्रीस पुसून काढलं, सांध्यात बारीक रेती भरली. खोक्यावर ओळखीसाठी खडूने फुली मारली. संध्याकाळच्या ट्रकने खोकं गेलं. कुठे गेलं ते विचारलं नाही. गुप्तता पाळायला हवी.

डबा: सव्वादहा. प्रगती आहे.

९ मार्च, रविवार

पथक स्थापन केलं. सदस्य दोन. कमांडर मी. दुसरा समोरचा इस्त्रीवाला. त्याच्या भावाला मागच्या वर्षी प्रेसमध्ये घातलं, त्यामुळे तो लगेच तयार झाला. मनगट दांडगं आहे. डोकं मी पुरवीन.

प्लॅन: कोपऱ्यावर एकटा ठोकळा उभा असतो. इस्त्रीवाल्याने भिंतीआड दांडी घेऊन थांबायचं. मी समोरून टेहळणी करायची आणि आसपास दुसरा ठोकळा नसला की डोक्यावरून हात फिरवायचा. मग त्याने मागून घाव घालायचा. त्यानंतर किल्ली, कोठडी, मेहुणा.

रात्री ८. मला त्या वेळी डोक्याला खाज सुटली, यात माझा दोष नाही. दुसरा ठोकळा पाच पावलांवर होता. इस्त्रीवाला बाहेर आला. पहिला घाव त्याने छान घातला, ठोकळ्याचा एक डोळा फुटून तारेवर लोंबायला लागला. पण दिवे लाल झाले. दुसऱ्याने त्याच्या नडगीवर पाय दिला आणि नुसता भार टाकला. हाड कातडीतून बाहेर आलं. तो ओरडलासुद्धा नाही, माझ्याकडे बघत होता. मग पहिल्याने त्याचं डोकं भिंतीवर आपटून त्याला हिरवा केला. त्याची पहिलीच वेळ, म्हणून प्रेस नाही, हॉस्पिटल.

या धावपळीत माझा चष्मा पडला. लोंबत्या डोळ्याच्या ठोकळ्याने तो उचलला, पुसला आणि माझ्या नाकावर बसवला. हिरवा.

हे मात्र लागलं. मारा, तोडा, पण चष्मा पुसून देता?

बायकोला सगळं सांगितलं. कोठडीची किल्ली त्या ठोकळ्याकडे असते हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अंदाज. ती उठून क्लासला गेली. क्लास रविवारीही असतो म्हणे.

११ मार्च

कामाच्या निमित्ताने मागच्या बाजूला जाऊन आलो. कोठडीच्या गजांतून मेहुणा दिसला. एक डोळा बंद, हात गळ्यात, ओठ फाटलेले. मला रडू आवरेना. लहान होता तेव्हा माझ्या लग्नात माझेच बूट लपवून बसला होता. मी त्याला धीर दिला, म्हटलं, मी कामाला लागलोय. त्याचा चेहरा पडला. तोंडात दात नसल्याने शब्द नीट फुटत नव्हते, पण कळलं ते असं: भावोजी, ताईला सांगा, जिवावर उदार होऊन काही करू नको. आणि तुम्ही तर अजिबातच काही करू नका.

मृत्यूच्या दारातही माझी काळजी. गुणी पोरगा.

१४ मार्च

मूळ अडचण सापडली. मी हिरवा आहे. माझा ताबा इतका पक्का आहे की शत्रूला माझा धोका जाणवतच नाही. धाक बसायचा तर एकदा तरी लाल व्हायला हवं. आज आरशासमोर प्रॅक्टिस केली. भुवया, जबडा, नाकपुड्या. बायको मागून आली, पोट बिघडलंय का म्हणाली.

डेपोच्या गेटवर ठोकळ्याच्या डोळ्यांत डोळे घालून मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. हिरवा. त्याला पिढ्या नसतात हे नंतर लक्षात आलं.

माझ्या मागे एक किरकोळ पोरगी होती, कॉलेजची असावी. तिच्यावर पिवळा झाला. तिला बाजूला घेतलं, बोटं चिरडली, तरी ती ठोकळ्याच्या तोंडावर थुंकली. माणसाने एवढं उघडं पडू नये. पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला.

डबा: साडेनऊ. रांगेतच. पण मघाचं दृश्य बघून पोटात खड्डा पडला होता.

१७ मार्च, सोमवार

बायको माझ्या कामात रस घेऊ लागलीय! आज जेवताना तिने किती विचारलं. गेटपासून कोठडी किती लांब, मागच्या दारावर ठोकळे किती, ते जागा कधी सोडतात. मी सांगितलं, ते जागा सोडतच नाहीत. फक्त गेटवर लाल झाला तर धावतात, तेवढंच. मग विचारलं, तुम्ही गेटवर किती वाजता पोचता, रांग किती वेळ चालते, डबा नेमका कुठे उघडता. मी म्हटलं, डबा मी बारानंतर उघडतो. तिने परत विचारलं, नेमका कुठे. मग मी खरं सांगितलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मला भरून आलं.

तिच्या बोटांवर भाजल्याचे फोड आहेत. शिवणाच्या क्लासमध्ये भाजतं कसं विचारलं, तर काकूंची मशीन जुनी आहे, तापते म्हणाली. अजून साधी पिशवीसुद्धा शिवून झालेली नाही. काहींना शिवण जमतच नाही. काकूंचे मिस्टर वेल्डिंग करायचे, त्यांचं सामान अजून घरभर पडलेलं असतं. त्यातही हात लागला असेल.

१९ मार्च

घड्याळ सापडत नाही. गजराचं, माझ्या उशाचं. त्यामुळे उशिरा उठलो आणि आजचा अंतिम प्लॅन (भुयार) रद्द करावा लागला.

संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार आतून बंद. काकू आणि बायको आत, कुजबूज चालली होती. दार वाजवलं तर कुजबूज थांबली आणि कडी निघाली. मला पाहून दोघींनी काहीतरी ओट्याखाली सरकवलं. माझा वाढदिवस सात महिन्यांवर आहे, पण बायकांचं प्लॅनिंग आधीपासून असतं. मी काही पाहिलंच नाही असं दाखवून बाहेर आलो.

२० मार्च, गुरुवार

उद्या प्रेस. दुपारी तीनला.

माझ्याकडे प्लॅन नाही. एवढंच एक वाक्य आज या वहीत खरं आहे. जेवण गेलं नाही. (नंतर गेलं.)

बायको आज फार मऊ बोलत होती. माझे बूट पुसले. शर्टाला इस्त्री केली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, उद्याचा डबा मी स्वतः भरणार आहे, तो दुपारशिवाय उघडायचा नाही. झाकणाला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे. हे तिने तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा शपथ घेतली. भाऊ जाणार म्हणून बिचारी भलत्याच गोष्टीला धरून बसलीय. तिला एवढं तरी सुख देता आलं पाहिजे.

संकल्प: काहीही झालं तरी डबा बाराच्या आत उघडणार नाही. मर्दाचा शब्द.

२१ मार्च, सकाळी ९.१०

गेटची रांग. डबा नेहमीपेक्षा जड. वास मात्र काहीच येत नाही. आज विशेष काहीतरी असणार.

नुसतं झाकण जरा वर करून बघायला शपथ मोडत नाही. शपथ खाण्याची आहे.

२ एप्रिल, हॉस्पिटल

डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. क्रमाने लिहितो.

झाकण उघडलं. आत माझं गजराचं घड्याळ. त्याला लाल-काळ्या तारा. तारा मातकट गोळ्यांत खुपसलेल्या. घड्याळ टिकटिक करत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट लगेच कळली.

घाम फुटला. छाती धडधडायला लागली. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. समोरच्या ठोकळ्याने माझ्याकडे बघितलं. आणि त्याचा दिवा लाल झाला.

लाल! माझ्यासाठी! आरशासमोर एवढं करून जमलं नव्हतं. खरं सांगतो, एक क्षणभर मला मरणाची भीतीही वाटली नाही. पिक्चरमध्ये इथे स्लो मोशन.

मग ते आले. गेटवरचे, रस्त्यावरचे, स्टोअरमधले, मागच्या दारावरचे सगळे. पहिल्याने मनगट मोडलं, डबा उडाला. दुसऱ्याने बरगड्यांवर गुडघा टेकवला. तो गुडघा मी पुसलेला असणार. तिसरा आणि चौथा माझ्या गुडघ्यांवर उभे राहिले. दोन्ही फुटले. मी आईला हाक मारली. ती जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतरचं आठवत नाही, मी हिरवा झालो असणार.

पुढचं शेजारच्या खाटेवरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. त्याला सगळा प्लॅन आधीपासून माहीत होता, बायको त्याला इथे भेटायला येऊन सांगून जायची. कारण पथक तिचंच होतं. मी स्थापन केलं त्याच्या आधीपासून. माझ्यासोबत कोपऱ्यावर आला तो भावाच्या सुडापायी. वहिनींनी नको म्हटलं होतं, पण म्हणे राहवलं नाही.

डब्यात बॉम्ब नव्हताच. घड्याळ, जुन्या वायरी आणि मळलेली कणीक, वर काळा रंग. गेटवर सगळे ठोकळे माझ्यावर तुटून पडले होते, तेव्हा मागच्या बाजूला बायको आणि काकू काकूंच्या मिस्टरांच्या गॅस कटरने कोठडीचे गज कापत होत्या. तोच शिवणाचा क्लास. मेहुणा सुटला. त्याच्यासोबत कोठडीतले सगळे सुटले. गटारातून शहराच्या नाक्यापलीकडे गेले. तिकडे ठोकळ्यांचं राज्य नाही.

मी विचारलं, पण मी डबा उघडलाच नसता तर?

इस्त्रीवाला हसायला लागला. प्लास्टरमधला पाय दुखेपर्यंत हसला. म्हणाला, आम्हीही तेच विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, शपथ घालणार आहे, म्हणजे नऊ वाजून गेले की उघडणारच. आणि म्हणाल्या, खोटं नाटक त्यांना जमत नाही, म्हणून त्यांना काही सांगायचं नाही. भीती खरी लागते.

आधी रडू आलं. राग नंतर आला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर पूर्ण विश्वास कधी टाकला नव्हता. टाकला तो मी शपथ मोडणार यावर.

तिने जाताना एक निरोप ठेवला होता: ते मारतील, पण कणकेसाठी प्रेस नाही. बरे झाले की पाठवा. मला काय, पार्सल आहे मी?

५ एप्रिल

चौकशी झाली. मी सांगितलं, डब्यात बॉम्ब होता, मी रचला, मी कमांडर आहे. तपासणाऱ्या ठोकळ्याने माझ्याकडे बघितलं. हिरवा. कागदावर लिहिलं: फसवला गेलेला इसम, निरुपद्रवी. मी खाली सही करणार नव्हतो. अंगठा घेतला.

नवे गुडघे बसवले. इथे माणसांनाही डेपोचेच गुडघे बसवतात, आधी माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा उभा राहिलो. पाऊल टाकलं की करकर. जोरात, वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून बघावं एवढं. नर्सला विचारलं, खोकं कोणतं होतं. तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. त्यावर खडूची फुली.

ऑपरेशन गुडघा शेवटी यशस्वी झालं, असं म्हणता येईल.

१४ एप्रिल, सकाळी १०.४०

सुट्टी मिळाली. नाक्याकडे निघालोय. बायकोला भेटल्यावर बोलायचं पहिलं वाक्य तयार आहे: तू मला वापरलंस. दुसरं वाक्य वाटेत ठरवीन.

इस्त्रीवाल्याच्या बायकोने डबा दिलाय. पलीकडे खायचे हाल आहेत, मेहुण्याला खायला घाला म्हणाली. मी नुसता घेऊन जाणार. झाकणाला हात लावणार नाही. एकदा धडा शिकलोय.

१४ एप्रिल, संध्याकाळ

नाक्यावर ठोकळ्याने कुठे जाणार विचारलं. मी छाती काढून सगळं खरं सांगितलं. मी बंडखोर आहे, बंडखोरांकडे चाललोय, परत येऊन तुमचा एकेक गुडघा मोडणार आहे. माझा श्वाससुद्धा जोरात चालला होता. हिरवा. त्याने कमरेची तेलाची कुपी काढली, वाकून माझ्या दोन्ही गुडघ्यांत थेंब सोडले आणि फाटक उघडलं.

पलीकडे बायको उभी होती. केस भाजलेले, गालावर व्रण. मी पहिलं वाक्य बोललो. ती माझे पाय बघत होती. मग खाली बसून माझ्या गुडघ्यांना मिठी मारून रडली. तुम्हाला मारत होते तेव्हा सगळं ऐकू येत होतं, म्हणाली. एक-एक घाव. हात थांबवता येत नव्हता हो, अजून दोन गज राहिले होते.

दुसरं वाक्य मी बोललो नाही.

मेहुणा आला. हात कायमचा वाकडा झालाय, पण हसतो. दात नाहीत, तरी भावोजी नीट म्हणतो. म्हणाला, डबा आणलात ना. मी पुढे केला. त्याने उघडला. रिकामा. अकरापर्यंत धीर धरला होता, हे मी सांगून बघितलं. तो बायकोकडे वळून म्हणाला, ताई, पैज तू जिंकलीस. चुलीवर माझ्या वाटणीचं आधीच शिजत होतं.

संकल्प: उद्यापासून डबा बाराच्या आत उघडणार नाही. या वेळी खरंच. बायकोला तसं सांगितलं, तर ती घाबरली. म्हणाली, नका हो असं काही करू. कोठडीत आता नवी माणसं भरलीत, पुढच्या आठवड्यात परत डबा घेऊन जायचंय तुम्हाला. आत काय असेल ते मात्र सांगणार नाही.

एकूण काय, कमांडर मीच.